तटाच्या आतली झाशी

बबिना हे नाव गावाकडे कुणाला सांगितलं की समोरचा दोनदा विचारतो, "कुठं म्हणालात?" फौजेत तसं होत नाही. रणगाड्यांच्या किंवा तोफखान्याच्या माणसाला हे नाव कधी ना कधी भेटतंच. झाशीपासून पंचवीसेक किलोमीटर, ललितपूरच्या रस्त्याला. फायरिंग रेंज, पळसाची झुडपं, तांबूस खडकाच्या टेकड्या आणि मे महिन्यात अंगावर येणारी लू. इथे मला तीन वर्षं होत आली होती आणि झाशी म्हणजे आमच्या लेखी रेल्वे स्टेशन, सदर बाजार आणि मिलिटरी हॉस्पिटल एवढंच होतं. किल्ला दरवेळी दिसायचा. जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं म्हणत तीन वर्षं गेली. माजी सैनिक वाचक इथे हसतील, कारण प्रत्येकाच्या सर्व्हिसमध्ये अशी एक तरी झाशी असते.

मग युनिटची मूव्ह आली. फील्डला, उत्तरेकडे. यापेक्षा जास्त सांगत नाही, सांगायचं नसतं. मार्चमध्ये ॲडव्हान्स पार्टी निघणार आणि तिच्यात माझं नाव. घरी प्रश्न एकच उरला : बायको आणि दोन पोरं कुठं राहणार? फील्डला गेलेल्या जवानाच्या कुटुंबासाठी एसएफ क्वार्टर असतात. झाशीत अर्ज करायचा, देवळालीत करायचा, की सरळ गावी जायचं? आमचं गाव येवला तालुक्यात. मोठ्या भावाचं घर आहे, शेती आहे, माणसं आहेत. आई त्यासाठीच झेलमनं एकटी मनमाडहून आली होती. येताना पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि मनात ठरवून आणलेलं एक वाक्य : "सुनेला नि पोरांना घेऊन जाते."

बायकोनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. थोरली सातवीत, धाकटा दुसरीत. शाळा इथे रुळलेल्या. ती स्वतः गेल्या वर्षी स्कूटी चालवायला शिकली होती आणि बँकेपासून गॅसपर्यंत सगळं एकटीनं बघत होती. गावी गेल्यावर त्या स्कूटीचं काय होईल हे तिनं मला विचारलं नव्हतं, पण मला ऐकू येत होतं. आठवडाभर घरात सगळे जरा जास्तच गोड बोलत होते. म्हणून मी म्हटलं, रविवारचा आउटपास काढतो, झाशी बघून येऊ. आईनं एवढ्या लांब येऊन राणीचं गाव बघितलं नाही तर येवल्यात काय सांगेल?

फेब्रुवारीतला रविवार होता. शेजारच्या हवालदारानं त्याची ऑल्टो दिली. दशम्या, चटणी, पाण्याच्या बाटल्या आणि आईची औषधं घेऊन साडेआठला निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू पोटरीत आला होता. आईनं खिडकीतून सगळ्या पिकांची तपासणी केली आणि बुंदेलखंडाला काठावर पास केलं.

आधी किल्ला. झाशीचा किल्ला बांधला ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्यानं, 1613 साली. मराठ्यांचा पाय इथे लागला तो छत्रसालामुळे. बंगशाच्या वेढ्यातून बाजीराव पेशव्यानं त्याला सोडवलं, त्या उपकारापोटी बुंदेलखंडातला मुलूख पेशव्यांकडे आला. पुढे 1742 मध्ये इथे सुभेदार म्हणून आले नारोशंकर. हे नाव मी उच्चारलं तशी आई थांबली. "घंटावाले?" तिनं विचारलं. नाशकात पंचवटीला नारोशंकराचं देऊळ आहे, गोदेच्या पुरात त्या घंटेला पाणी लागलं की नाही यावर आमच्याकडे पूर मोजतात. तेच नारोशंकर. मालेगावचा भुईकोटही त्यांचाच. त्यांनी झाशीचा किल्ला वाढवला आणि खाली गाव वसवलं. आईला एकदम बरं वाटलं. किल्ल्याच्या दगडाला हात लावून म्हणाली, "म्हणजे आपल्याच माणसानं वाढवलाय होय." त्यानंतर दिवसभर तिनं झाशीकडे नातेवाइकाच्या घराकडे बघावं तसं बघितलं. म्हणजे कौतुक थोडं आणि सूचना जास्त.

दरवाजातून आत शिरलं की 'कडक बिजली' ही तोफ आहे. सगळे तिच्याजवळ फोटो काढतात. आम्हीही काढला. मी तोफखान्याचा माणूस, त्यामुळे माझं बघणं जरा वेगळं. फोटो झाल्यावर मी नळीची जाडी बघत बसलो, पोरं कंटाळून पुढे गेली. किल्ल्यात गुलाम गौस खाँची मजार आहे. राणीचा गोलंदाज. शेजारी खुदाबक्ष आणि मोतीबाई. उन्हात तिथे कुणी थांबत नव्हतं. मी बूट काढून दोन मिनिटं उभा राहिलो. आमच्या रेजिमेंटमध्ये नवीन रंगरूट आला की त्याला पहिली गोष्ट शिकवतात, तोफ सोडून हलायचं नाही. ते शिकवायला पुस्तक लागतं असं मला वाटत नाही.

मग 'ती' जागा. राणीनं दत्तक मुलाला पाठीशी बांधून घोड्यावरून जिथून उडी घेतली असं सांगतात ती. थोरली तिथे सगळ्यात आधी पोचली आणि खाली वाकून बघत राहिली. आईनंही बघितलं. आमच्या घरी माझ्या लहानपणी बैलगाडीच्या शर्यतीचं वेड होतं, त्यामुळे जनावराचे पाय आईला कळतात. "एवढ्या उंचावरून घोडं टाकलं तर त्याचे पाय राहतील का?" ती म्हणाली. थोरलीला ते आवडलं नाही. तिच्या पुस्तकात चित्र होतं ना. मी तिला सांगितलं की राणी रात्री वेढा फोडून बाहेर पडली हे पक्कं आहे, तारीख 4 एप्रिल 1858, आणि बरेच जण सांगतात की ती शहराच्या उत्तरेच्या भांडेर दरवाजानं गेली. पाठलागावर आलेल्या इंग्रज स्वारांशी भांडेरजवळ चकमक झाली आणि त्यांचा अधिकारी जखमी होऊन मागे राहिला. थोरली विचार करून म्हणाली, "म्हणजे ती गावातून गेली. दरवाजातून. सगळे पहारे होते तरी?" मी हो म्हटलं. "मग ते जास्त अवघड आहे," ती म्हणाली. माझी पोरगी तोफखान्यात चालेल.

बुरुजावर उभं राहिलं की सगळी जुनी झाशी खाली पसरलेली दिसते. इथे मी कुटुंबाला सावलीत बसवून दशम्या सोडायला सांगितल्या आणि स्वतः जरा फिरलो. ही सवय जात नाही. कुठल्याही उंच जागी गेलो की डोळे आधी ओपी शोधतात : कुठून दिसतं, कुठून मारता येतं, कुठं लपता येतं. झाशीचा किल्ला गावाच्या पश्चिम अंगाला खडकावर आहे आणि गाव त्याच्या पायाशी, स्वतःच्या वेगळ्या तटाच्या आत. इंग्रज सेनापती ह्यू रोजनं आपल्या खलित्यात या गावाचं मोजमाप दिलंय. घेर सुमारे साडेचार मैल, तट 18 ते 30 फूट उंच आणि 6 ते 12 फूट जाड. किल्ल्याच्या भिंती 16 ते 20 फूट जाड. म्हणजे किल्ल्यापेक्षा गावाचा तट पातळ. तोफखान्याच्या माणसाला हे वाचून पुढचं सांगावं लागत नाही.

रोज 21 मार्च 1858 ला इथे पोचला. राणीनं आधीच आजूबाजूचा मुलूख उजाड करून ठेवला होता, चारा नाही, सावलीला झाड नाही. ज्यांनी इथला मार्चअखेर बघितलाय त्यांना त्याची किंमत कळेल. पण ओरछावाल्यांनी आणि शिंद्यांनी इंग्रजांना रसद पुरवली. रोजनं दक्षिणेच्या बाजूनं मोर्चे लावले आणि तोफा सुरू केल्या. तटावर दिवसा पडलेलं रात्री परत बांधलं जायचं. दारूगोळा वाहायला आणि मोर्च्यांवर काम करायला बायका होत्या, हे खुद्द रोजनं लिहून ठेवलंय. शत्रूनं लिहिलेलं असतं तेव्हा मी ते जास्त मानतो.

31 मार्चला संध्याकाळी तात्या टोपे आले. सुमारे वीस हजारांची फौज, बेतव्याच्या काठी. तात्यांनी मोठी जाळ पेटवून झाशीला खूण दिली आणि तटावरून आनंदाच्या तोफा सुटल्या. ही गोष्ट मी दशमी खाताखाता सांगत होतो. आई घास हातात धरून ऐकत होती, कारण तात्या येवल्याचे. आमच्याकडे हे शेंबडं पोरही सांगेल. "मग सुटली का झाशी?" तिनं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. तरी विचारलं.

सुटली नाही. रोजनं वेढा उठवला नाही, किल्ल्यावरच्या तोफा चालूच ठेवल्या आणि जेमतेम दीड हजार माणसं घेऊन 1 एप्रिलला तात्यांवर चालून गेला. तात्यांची पहिली फळी मोडली, मागची मदतीला येण्याआधीच. परतताना त्यांनी जंगलाला आग लावली, पण तोफा गेल्या. मी शिपाईगडी आहे, रोजचा हा निर्णय वाचला की मान हलते. वेढा सोडायचा नाही आणि थोड्या माणसांनिशी मोठ्या फौजेवर जायचं, हे धाडसाचं काम होतं. ते मान्य करूनही त्या रात्री तटावर उभे असलेल्यांचं मला जास्त वाटतं. आदल्या संध्याकाळी जाळ दिसला होता. दुसऱ्या संध्याकाळी धूर दिसला.

3 एप्रिलला पहाटे हल्ला झाला. काही शिड्या आखूड पडल्या, काही माणसांच्या वजनानं मोडल्या, तरी खिंडारातून आणि शिड्यांवरून इंग्रज आत आले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी जी शाळेच्या पुस्तकात नसते. रोजच्या त्या फौजेत गोऱ्या पलटणींबरोबर 24 आणि 25 बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री होत्या. मुंबई इलाख्याच्या पलटणी. त्यांत कोकणातले, देशावरचे गडी भरती व्हायचे. म्हणजे तटाच्या आत मराठी राणी, तिचे मराठी कारभारी, भिक्षुक, आश्रित; आणि तटाच्या बाहेर शिडी धरून उभा असलेला कुणी मराठीच बोलणारा शिपाई. त्यानं आत कुणाला आईच्या भाषेत हाक मारताना ऐकलं असेल का? मला याचं उत्तर नको आहे. मी त्याला नावं ठेवत नाही, तो हुकमाचा ताबेदार होता आणि त्याच्या गावीही कुणीतरी मनीऑर्डरची वाट बघत असणार. (मनीऑर्डर तेव्हा नव्हती, पण वाट होती.) फक्त बुरुजावर उभं राहून दक्षिणेकडे बघताना तो आठवल्याशिवाय राहत नाही.

आत काय झालं ते आपल्याला मराठीत वाचता येतं, हे आपलं भाग्य म्हणायचं की काय ते तुम्ही ठरवा. विष्णुभट गोडसे, पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल म्हणून 1857 साली काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते गावात होते. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 साली छापला. माझ्याकडची प्रत नाशकात रद्दीच्या दुकानात मिळालेली आहे, पानं सुटी झालीत, चार पोस्टिंगं माझ्या ट्रंकेतून फिरलीय. गोडसे भटजी शूर नव्हते आणि तसं ते म्हणतही नाहीत. ते लपले, उपाशी राहिले आणि जे दिसलं ते लिहिलं. हलवाईपुऱ्याची आग, घराघरांतून ओढून मारलेली माणसं, मग लूट : आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग धान्य आणि कपडेसुद्धा. संस्थानाचा मोठा ग्रंथसंग्रह फुटला. सगळं गमावून हा माणूस शेवटी घरी पोचला तो रिकाम्या हातानं, पण खांद्यावर गंगाजलाची कावड घेऊन, आईवडिलांना स्नान घालायला.

आणि हेही सांगितलं पाहिजे, की त्याच्या आदल्या जूनमध्ये, 1857 ला, किल्ल्यात आसरा घेतलेले इंग्रज बाहेर आले तेव्हा बंडवाल्या शिपायांनी त्यांना जोखनबागेत नेऊन मारलं. साठेक माणसं, त्यांत बायका आणि मुलं. शरण आलेल्यांना. शिपायाच्या अंगावरचा कपडा कुठल्या बाजूचा आहे यानं त्यात फरक पडत नाही. हे मी पोरांसमोर बोललो नाही. बायकोला बाजूला सांगितलं. ती किल्ल्यावरून खाली घरांकडे बघत होती. गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, डिश अँटेना, एका गच्चीवर पतंग उडवणारी पोरं.

"लढणारे वर होते," ती म्हणाली, "आणि राहणारे खाली."

मी काही बोललो नाही.

दुपारी गाडी किल्ल्याखाली ठेवून आम्ही जुन्या गावात चालत शिरलो. तट आता सलग नाही. कुठं घराची मागची भिंत झालाय, कुठं त्याला टेकून दुकान उभं आहे, काही दरवाजे उभे आहेत, काहींचं नावच तेवढं उरलंय. पण नावं पक्की आहेत. रिक्षावाला आजही खंडेराव गेट, सैंयर गेट, ओरछा गेट, दतिया गेट असंच बोलतो. खंडेराव हे नाव बुंदेली नव्हे, हे आईनं बरोबर पकडलं. "जेजुरीचा," म्हणाली आणि कपाळाला हात लावला. देवाचं की माणसाचं नाव, या चौकशीत मी पडलो नाही.

राणीमहाल बाजारातच आहे. 1854 ला संस्थान खालसा झाल्यावर किल्ला सोडून राणी इथे राहायला आली. खाली आता जुन्या मूर्ती मांडल्यात, नवव्या ते बाराव्या शतकातल्या, आजूबाजूच्या गावांतून आणलेल्या. वरच्या मजल्यावर रंगवलेलं दालन. मला किल्ल्यापेक्षा हे घर जवळचं वाटलं. नवरा गेलेला, पोरगं दत्तक, सरकारचं पत्र आलेलं की आता ही जागा तुमची नाही, पेन्शन घ्या. महिना पाच हजार. तेव्हा ती पंचविशीच्या आसपासची. धाकट्यानं विचारलं, "तिचं क्वार्टर होतं का हे?" आम्ही सगळेच हसलो, बायको सोडून. ती वरच्या दालनात जरा वेळ एकटी थांबली.

तिथून विचारत विचारत गणेश मंदिर. याच देवळात 1842 साली मनकर्णिका तांब्यांची लक्ष्मीबाई झाली. गल्लीतलं देऊळ, बाहेरून कळणारही नाही. आत मात्र गणपती आपला, आणि पाटी मराठी माणसांची. ओसरीवर एक म्हातारी बाई वाती वळत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या. आईनं सवयीनं हिंदी जुळवायला सुरुवात केली, "आप... इधर के..." तर त्या म्हणाल्या, "मराठीत बोला की, मी पण तीच आहे." त्यांचं मराठी ऐकायला गंमत वाटली. शब्द आपले, हेल बुंदेली, मधेच 'हओ'. पण काही शब्द असे की माझी पणजी वापरायची.

आईचा पहिला प्रश्न ठरलेला. "तुमचं गाव कोणतं?"

"झाशी."

"ते झालं. मूळ गाव?"

"झाशीच. त्याच्या आधीचं आजेसासऱ्यांना माहीत होतं. कोकणात कुठंतरी. आम्ही कुणी गेलो नाही."

आईला हे पटेना. माणसाला मूळ गाव नाही म्हणजे काय? तिनं कुळदैवत विचारलं, गोत्र विचारलं, पुरणपोळी करता का विचारलं. बाईंनी सगळ्याला न कंटाळता उत्तर दिलं. गणपती दहा दिवसांचे बसतात, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, मराठी घरं पूर्वीपेक्षा कमी झाली, पोरं पुण्याला नोकरीला गेली. "आता माझाच मुलगा म्हणतो पुण्याला चल," त्या म्हणाल्या, "तिथं मी कुणाशी बोलू? तिथलं मराठी फार भरभर." यावर आई जी हसली, ती त्या आठवड्यात पहिल्यांदा मोकळी हसली.

मग त्यांनी बायकोला विचारलं, फौजी घर का? कुठं राहता? नवरा फील्डला चालला हे ऐकून त्यांनी आश्चर्य वगैरे दाखवलं नाही. झाशी छावणीचं गाव आहे, त्यांनी शंभर घरं अशी बघितली असतील. एवढंच म्हणाल्या, "इथं राहिलीस तर चतुर्थीला येत जा. नाही राहिलीस तरी काही नाही." कुंकवाची कोयरी पुढे केली. बायकोनं कुंकू लावून घेतलं आणि तिथेच ओसरीवर बसून विचारायला सुरुवात केली. सदर बाजाराजवळ डॉक्टर कोण बरा? पाणी उन्हाळ्यात किती दिवसांआड येतं? रात्री स्टेशनवरून रिक्षा मिळते का? गणिताची शिकवणी? बाई एकेक उत्तर देत होत्या. मी आणि आई ऐकत होतो. आईनं मधेच माझ्याकडे बघितलं. मी गणपतीकडे बघितलं.

ऊन उतरल्यावर लक्ष्मी दरवाजाबाहेर तळ्यावर गेलो. तिथे महालक्ष्मीचं देऊळ आहे, नेवाळकरांनी बांधलेलं, आणि जवळच गंगाधररावांची छत्री. नाटकांचा आणि ग्रंथांचा शौक असलेला राजा, लोक राणीच्या नादात त्याला विसरतात. तळ्याची अवस्था काही सांगण्यासारखी नाही, त्यामुळे सांगत नाही. धाकटा छत्रीच्या पायऱ्यांवर झोपला. थोरली आईला सांगत होती की राणी इथूनच पूजेला यायची, आणि आई तिला सांगत होती की आपल्या कोटमगावच्या देवीची यात्रा किती मोठी भरते. दोघींचं आपापलं चाललं होतं.

परतीच्या रस्त्यावर अंधार पडला. पोरं मागे आईच्या मांडीवर. बबिना दहाएक किलोमीटर राहिलं असताना आई बोलली. मला नाही, सुनेला.

"ती बाई म्हणाली पाणी दोन दिवसांआड येतं. ड्रम आहेत का तुझ्याकडे?"

"दोन आहेत," बायको म्हणाली.

"दोननं काय होतंय उन्हाळ्यात? आणखी एक घे." मग बराच वेळ कुणी बोललं नाही. रेंजच्या बाजूनं ट्रक येत होते, त्यांचे दिवे डोळ्यांवर पडत होते. "मे महिन्यात पोरांना घेऊन ये मात्र. आंबे संपायच्या आत."

"येते," बायको म्हणाली.

सोमवारी मी झाशीच्या एसएफ क्वार्टरचा फॉर्म आणला. बायकोनंच भरला, माझं अक्षर वाचता येत नाही म्हणून. आईला आठ दिवसांनी झेलममध्ये बसवून दिलं, मनमाडला भाऊ उतरवून घ्यायला आला होता. जाताना तिनं बाजरीचं उरलेलं पीठ परत नेलं नाही आणि गणेश मंदिरातल्या बाईंसाठी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी बांधून ठेवली. पुढच्या चतुर्थीला ती पोचवायची जबाबदारी सुनेवर.

ॲडव्हान्स पार्टीची गाडी मंगळवारी सकाळी दहाला सुटली. थोरलीचा त्या दिवशी गणिताचा पेपर होता, त्यामुळे स्टेशनवर कुणी आलं नाही. गाडी झाशी सोडताना किल्ला खिडकीतून थोडा वेळ दिसतो. बरोबरच्या पोरांना दाखवला. निम्मे झोपले होते.